हाड थकते तेव्हा : दौलताबाद, असई, प्रशिया आणि करमाड

(१)
छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे रेल्वेने निघाले की चिकलठाण्यानंतर करमाड लागते आणि त्यापुढे बदनापूर. या दोन स्थानकांच्या दरम्यान, सटाणा शिवारात, ८ मे २०२० रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास एका मालगाडीखाली १६ मजूर मृत्युमुखी पडले. ते जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात कामाला होते आणि मूळचे मध्य प्रदेशातील शहडोल व उमरिया जिल्ह्यांतले. टाळेबंदीत घरी जाण्यासाठी भुसावळहून श्रमिक गाडी मिळेल या आशेने आदल्या संध्याकाळी ते पायी निघाले होते. सुमारे ३६ किलोमीटर चालल्यावर पाय उचलेनासे झाले. गाड्या बंद आहेत असे समजून ते रुळांवरच झोपले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

(२)
या दुर्घटनेवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. आजचा धागा तिच्यामागच्या एका जुन्या प्रश्नाविषयी आहे : माणसाचा पाय किती चालू शकतो, आणि तो थकतो म्हणजे त्याच्या आत नेमके काय होते? स्नायू थकतात हे सर्वांनाच ठाऊक असते. हाडही थकते, आणि थकून मोडते, हे वैद्यकाला समजायला मात्र एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या आजाराला आज स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. त्याचे जुने नाव मार्च फ्रॅक्चर, म्हणजे कूच करताना होणारा अस्थिभंग. नावातच त्याचा इतिहास आहे. तो सैन्याच्या छावणीत सुरू होतो, आणि लांबच्या कूचांशी आपल्या मराठवाड्याचे नाते फार जुने आहे.

(३)
आधी दौलताबाद. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला दुसरी राजधानी करून दिल्लीतील मान्यवर, उलेमा, अधिकारी व त्यांच्या परिवारांना तिकडे हलवले. अंतर हजार किलोमीटरहून अधिक. इब्न बतूता लिहितो की एका आंधळ्या माणसाला दिल्लीहून दौलताबादपर्यंत ओढत नेण्याची आज्ञा झाली. चाळीस दिवसांच्या त्या वाटेवर त्याचे शरीर विदीर्ण झाले आणि शेवटी पोहोचला तो केवळ त्याचा पाय. इब्न बतूता या घटनेनंतर काही वर्षांनी दिल्लीत आला. त्यामुळे ही ऐकीव कथा आहे आणि इतिहासकार तिला अतिशयोक्तच मानतात. तरीही लोकांच्या स्मरणात त्या स्थलांतराची खूण म्हणून पाय उरावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

(४)
या स्थलांतराचा दुसरा साक्षीदार अधिक जवळचा आहे. ‘फुतूह-उस्-सलातीन’ लिहिणारा इसामी तेव्हा सोळा वर्षांच्या आसपासचा होता. त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा दिल्लीहून निघाले आणि पहिल्याच मुक्कामी, तिलपत येथे, निवर्तले. नातू पुढे चालत राहिला आणि दौलताबादेत वाढला. सुलतानाने वाटेवर मुक्कामांची सोय केली होती, असेही उल्लेख आहेत, आणि सगळी दिल्ली ओस पडली हे वर्णन आज कोणी अक्षरशः घेत नाही. पण राजाज्ञेने निघालेला माणूस आपल्या पायांच्या ताकदीप्रमाणे चालत नाही, तो आज्ञेच्या वेगाने चालतो. हा फरक या धाग्यात पुन्हा पुन्हा भेटेल.

(५)
आता १८०३. दुसरे इंग्रज-मराठा युद्ध. २१ सप्टेंबर रोजी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली ती बदनापुरात, म्हणजे करमाडच्या शेजारच्या स्थानकाच्या गावी. दोन फौजांनी दोन वाटांनी जाऊन शिंदे-भोसल्यांच्या सैन्यावर एकत्र चालून जावे, असे तेथे ठरले. २३ तारखेच्या सकाळी वेलस्लीची फौज सुमारे १४ मैल चालून मुक्कामाच्या जागी पोहोचली. तंबू ठोकायचे, तोच शत्रू अवघ्या सहा मैलांवर असल्याची बातमी आली. स्टीव्हन्सनची वाट न पाहता ती फौज तशीच पुढे निघाली आणि त्याच दुपारी असईची लढाई झाली. लढाईपूर्वीची ही चाल ३० किलोमीटरहून अधिक होती.

(६)
असईच्या लढाईत कंपनीच्या फौजेचे १,५०० हून अधिक लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. विजय मिळूनही तिला लगेच पाठलाग करता आला नाही; माणसे आणि जनावरे दोन्ही गळून गेली होती. जखमींसाठी पुढे अजिंठ्याला रुग्णालय थाटावे लागले. युद्धाच्या हिशेबवहीत तीन रकाने असतात : मृत, जखमी, बेपत्ता. ज्याचा पाय चालून चालून सुजला आणि ज्याला पाऊल टेकवेना, त्याच्यासाठी रकाना नसतो. त्याला गोळी लागलेली नाही, रक्त आलेले नाही, तो कोठे पडलेलाही नाही. असा माणूस एकतर कण्हत चालत राहतो, नाहीतर कामचुकार ठरतो. हा नसलेला रकाना पहिल्यांदा उघडला तो प्रशियात.

(७)
१८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी वैद्याने नव्याने भरती झालेल्या शिपायांचे एक दुखणे नोंदवले. लांब कूच केल्यावर त्यांच्या पावलाचा पुढचा भाग सुजत असे, दुखत असे. आघाताची खूण मात्र कोठेच नसे. आपल्या हाती असलेल्या साधनांवरून, म्हणजे डोळे आणि बोटे यांवरून, त्याने निदान केले की स्नायुबंधांच्या आवरणाला दाह झाला आहे. निदान चुकले होते. निरीक्षण मात्र अचूक होते : रोगी कोण, तर नवा शिपाई, कारण काय, तर सवयीपलीकडची चाल, जागा कोणती, तर पावलाचा मधला-पुढचा भाग. आजचे पाठ्यपुस्तकही याहून फारसे वेगळे सांगत नाही.

(८)
येथे थोडे विषयांतर करून रेल्वेकडे वळू. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस धावता धावता तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि कित्येक प्रवासी मरण पावले. प्रसिद्ध दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल सहकुटुंब त्यात गेला. चांगला मजबूत आस, त्याच्यावर अतिरिक्त भार नाही, मग तो तुटला कसा? स्कॉटलंडचा तरुण अभियंता रँकिन याने तुटलेल्या आसांचा अभ्यास करून दाखवले की भेग एकदम पडत नाही. ती एका कोपऱ्यात सुरू होते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर आत सरकत जाते.

(९)
पुढे प्रशियाच्याच रेल्वेतील अभियंता ऑगस्ट व्योलर याने १८५० आणि १८६० च्या दशकांत आसांवर पद्धतशीर प्रयोग केले. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा : एका फटक्यात वस्तू मोडायला जेवढा भार लागतो, त्याहून पुष्कळ कमी भार हजारो-लाखो वेळा दिला, तरी ती वस्तू मोडते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. म्हणजे एकाच राज्यात, एकाच काळात, एक वैद्य शिपायांचे सुजलेले पाय पाहत होता आणि एक अभियंता थकलेले आस तपासत होता. दोघांसमोर एकाच जातीचा प्रश्न होता. पण पायाच्या आत डोकावण्याचे साधन वैद्यापाशी नव्हते, म्हणून हे दोन धागे जुळले नाहीत.

(१०)
ते साधन १८९५ च्या नोव्हेंबरात मिळाले. व्युर्ट्सबर्ग येथे राँटजेनने क्ष-किरण शोधले. शोधाला दोन वर्षेही उलटली नव्हती, तोच १८९७ मध्ये श्टेखो या जर्मन लष्करी वैद्याने शिपायांच्या सुजलेल्या पायांची क्ष-किरण चित्रे घेतली. त्यांत दिसले की दाह स्नायुबंधाचा नव्हेच. पावलातील लांब हाडे, ज्यांना वैद्यकात मेटाटार्सल म्हणतात, ती भंगलेली होती. बेचाळीस वर्षे ‘सूज’ म्हणून गणले गेलेले दुखणे अस्थिभंग ठरले. पुढे १९२१ मध्ये डॉइचलेंडर या जर्मन शल्यविशारदाने हेच दुखणे कधीही कवायत न केलेल्या स्त्रियांमध्येही नोंदवले आणि हा केवळ शिपायांचा आजार नाही हे स्पष्ट झाले.

(११)
आता हाडाच्या आत पाहू. पावलाच्या पुढच्या भागात पाच मेटाटार्सल असतात. अंगठ्यामागचे पहिले आखूड व जाड. त्याशेजारची दुसरे आणि तिसरे लांब, सडपातळ आणि मुळाशी घट्ट बसवलेली. चालताना टाच उचलून शरीर पुढे ढकलले जाते, तेव्हा ही हाडे किंचित वाकतात. दुसरे व तिसरे हाड इतरांसारखे हलू शकत नाही, म्हणून वाकण्याचा ताण तेथेच साचतो. मार्च फ्रॅक्चर सर्वाधिक आढळतो तो याच दोन हाडांत. टाचेचे हाड, पाचव्या मेटाटार्सलचे मूळ आणि पावलाच्या कमानीतील होडीच्या आकाराचे नेव्हिक्युलर हाड या त्यानंतरच्या जागा.

(१२)
हिशेब करून पाहू. एका पावलाला साधारण ७० सेंटीमीटर धरले, तर ३६ किलोमीटर म्हणजे सुमारे ५०,००० पावले. प्रत्येक पायाला २५,००० वेळा भार. चालताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाहून थोडा अधिक भार पायावर येतो, धावताना तो वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो. व्योलरच्या आसासारखाच हा प्रकार आहे : भार मोडण्याइतका मोठा नाही, पण तो पुन्हा पुन्हा येतो. हाडात सूक्ष्म भेगा पडू लागतात. मात्र लोखंड आणि हाड यांत एक मूलभूत भेद आहे, आणि या आजाराची गुरुकिल्ली त्या भेदातच आहे.

(१३)
लोखंडाची भेग आपोआप भरत नाही. हाड मात्र जिवंत असते. १८९२ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी सिद्धान्त मांडला की हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे आपली रचना बदलते. हे कसे घडते, ते आज आपल्याला ठाऊक आहे. एका प्रकारच्या पेशी थकलेले हाड पोखरून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे हाड भरतात. जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी भुसभुशीत विटा काढतो, मग नव्या बसवतो, तसेच हे काम. गोम इतकीच की पोखरणे दोन-तीन आठवड्यांत होते, आणि भरून कठीण व्हायला तीन-चार महिने लागतात.

(१४)
यावरून ब्राइटहाउप्टचे रोगी नवे शिपाईच का होते, हे उमगते. भरती झाली, दुसऱ्याच दिवसापासून कवायत आणि कूच सुरू झाले. हाडाने दुरुस्ती काढली, विटा निघाल्या. नव्या बसण्याआधीच भिंतीवर रोजचा भार चालू राहिला. त्यात पायाचे स्नायू थकले की धक्का शोषण्याचे त्यांचे काम कमी होते आणि उरलेला सगळा धक्का हाडावर जातो. म्हणून हे दुखणे प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांत उद्भवते. जुना शिपाई तितकाच चालतो, पण त्याचे हाड महिन्यांच्या मुदतीत घडत गेलेले असते. अंतर किती, यापेक्षा ते किती अचानक वाढले आणि मध्ये विसावा किती मिळाला, हे महत्त्वाचे ठरते.

(१५)
आपल्या परंपरेत लांब चालण्याचे एक मोठे उदाहरण आहे : वारी. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, जवळजवळ तीन आठवड्यांत. आपल्या जिल्ह्यातून पैठणहून एकनाथ महाराजांची पालखी निघते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात दिंड्यांचा क्रम आहे, ठरलेले मुक्काम आहेत, वाटेतले विसावे आहेत. वारकऱ्यांचेही पाय सुजतात, फोड येतात. पाय चेपून देणारे सेवेकरी गावोगाव उभे असतात. वारीच्या वेळापत्रकात पायाच्या थकव्याला जागा ठेवलेली आहे. तुघलकाच्या आज्ञेत ती नव्हती, आणि २०२० च्या मे महिन्यातील रस्त्यांवरही नव्हती.

(१६)
विसाव्याचे मोल विसाव्या शतकाच्या अखेरीस आकड्यांत मोजले गेले. १९८५ मध्ये इस्रायलच्या सैन्यातील २९५ नव्या भरतीचा अभ्यास मिलग्रॉम आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३१ टक्के जवानांना प्रशिक्षणात कोठे ना कोठे स्ट्रेस फ्रॅक्चर झाला होता. त्यानंतर सुमारे २५ वर्षे बूट, तळवे, औषधे असे नाना उपाय तपासले गेले. प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आले ते दोन साध्या गोष्टींनी : रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली, आणि प्रशिक्षणातील एकूण चालण्याचे अंतर कमी केले. जगातील एका कडक सैन्याने पाव शतकानंतर काढलेला निष्कर्ष असा : कमी चालवा आणि झोपू द्या.

(१७)
हा धागा वाचणाऱ्यांपैकी काहीजण पोलीस किंवा अग्निवीर भरतीची तयारी करत असतील. करमाड असो वा कोणतेही गाव, पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली सर्वत्र दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की वर्षभर न धावलेला मुलगा एकदम रोज आठ-दहा किलोमीटर डांबरावर धावू लागतो. ही १८५५ च्या प्रशियन शिपायाचीच स्थिती. फरक एवढाच की येथे आज्ञा देणारा अधिकारी कोणी बाहेरचा नसतो. वयाची अट आणि घरची परिस्थिती तो वेग ठरवतात.

(१८)
म्हणून लक्षणे ओळखा. पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागे, धावताना वाढणारी व विश्रांतीत कमी होणारी वेदना, पुढे साध्या चालण्यातही दुखणे, किंचित सूज, आणि बोटाने दाबल्यावर नेमक्या एका ठिकाणी कळ. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. भेग केसाहून बारीक असते आणि बहुधा भरू लागल्यावर भोवतीच्या नव्या हाडामुळेच ती दिसते. तेव्हा ‘एक्स-रेत काही नाही’ म्हणजे ‘काही नाही’ असे नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, गरज पडल्यास ते एमआरआय सांगतील. मेटाटार्सलचा भंग बहुतेक वेळा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येतो. नेव्हिक्युलर आणि पाचव्या मेटाटार्सलच्या मुळाचा भंग मात्र हट्टी असतो, तेथे दिरंगाई महाग पडते.

(१९)
मुलींसाठी एक अधिकची सूचना. सराव वाढला पण जेवण वाढले नाही, तर शरीर काटकसर करू लागते : पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हाड भरण्याचे काम मागे पडते. अशा वेळी पाय दुखू लागला, तर ते अधिक गांभीर्याने घ्यावे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जेच्या तुटीविषयी स्वतंत्र निवेदन काढले आणि ती पुरुष खेळाडूंतही होते, हेही सांगितले. पोटभर अन्न, पुरेशी झोप, आणि अंतरात दर आठवड्याला थोडीच वाढ, एवढे सांभाळले तर धोका बराच टळतो. दुखणे सहन करणे हा या ठिकाणी पराक्रम नाही. एक महिना थांबल्याने भरती चुकत नाही, मोडलेल्या पायाने मात्र हमखास चुकते.

(२०)
पुन्हा करमाडकडे. एका रात्रीच्या चालीने सहसा हाड मोडत नाही आणि त्या १६ जणांचा मृत्यू मालगाडीने झाला, हे स्पष्ट असावे. पण थकव्याची साखळी तीच आहे. रुळांतील खडी पावलाखाली सरकते, स्लीपरांचे अंतर माणसाच्या नैसर्गिक पावलाशी जुळत नाही, पोटऱ्या भरून येतात, आणि शेवटी झोप शरीराचा ताबा घेते. ज्यांना वाटेत कोठे मुक्काम मिळाला नाही, ते रुळांवर निजले. इसामीच्या आजोबांना निदान तिलपतचा मुक्काम लाभला होता.

(२१)
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण मोहिमांचे नकाशे काढतो, बाणांनी मार्ग दाखवतो. त्या प्रत्येक बाणाखाली हजारो पावले असतात, आणि त्यांची नोंद क्वचितच होते. २०२० चे चालणे अजून ताजे आहे. तुमच्या गावातून त्या उन्हाळ्यात कोण गेले, त्यांना कोणी पाणी दिले, कोणी चपला दिल्या, कोणाच्या ओसरीवर ते झोपले, हे घरातील मोठ्यांना विचारा आणि तारीख-वार घालून लिहून ठेवा. तुमच्याकडे अशी नोंद असेल तर खाली जोडा. चालणाऱ्यांची नावे मात्र त्यांच्या परवानगीशिवाय देऊ नका. धागा येथे संपवतो.